कागद सगळ्यांचा, वाक्य प्रत्येकाचं

पुणे,
जूनचा पहिला आठवडा

चि. मृणाल,


तुझं पत्र मिळालं. यंदा आठवी-नववीचे मराठीचे तास तुझ्याकडे आले, शाळेच्या संगणक कक्षात नेट आलं आणि गूगल डॉक्सवर मुलांकडून एकत्र लेखन करून घ्यायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. ‘मावशी, सुरुवात कशी करू?’ असं तू विचारलं आहेस. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी हे साधन वर्गात वापरलं. त्या अनुभवातून जे पक्कं वाटतं ते सविस्तर लिहिते. शाळा भरण्याआधी निवांतपणे वाच.

सगळ्यात आधी हेतू ठरव. वह्यांचे गठ्ठे घरी न्यावे लागत नाहीत, कागद वाचतो, मुलांना उत्साह येतो, ही कारणं खरी आहेत पण दुय्यम आहेत. मला मोलाचं वाटतं ते एकच: लिहिणं कसं घडत जातं ते इथे डोळ्यांना दिसतं. एरवी मुलाचा निबंध आपल्यापुढे येतो तो पूर्ण होऊन, सुवाच्य अक्षरात. ‘खाडाखोड करू नये’ ही सूचना मूल पहिलीपासून ऐकतं. त्यामुळे पहिल्यांदा सुचलेलं वाक्यच शेवटचं ठरतं, आणि ज्याला काही सुचत नाही तो गाईडमधला उतारा उतरवून मोकळा होतो. लेखन म्हणजे पुन्हा पुन्हा लिहिणं, हे दहावी होईपर्यंत कित्येकांना कोणी सांगतच नाही. डॉकमध्ये वाक्य दहादा बदललं तरी पान खराब होत नाही, आणि आधीचं वाक्यही हरवत नाही. खोडण्याची भीती गेली की मूल स्वतःचं वाक्य शोधायला धजावतं. तुझ्या प्रत्येक तासाची आखणी या एका हेतूवर घासून बघ.

एकत्र लिहिणं संगणकाने आणलं असं मात्र समजू नकोस. इटलीत फ्लॉरेन्सच्या उत्तरेला डोंगरात बार्बियाना नावाची वस्ती आहे. तिथे डॉन लोरेन्झो मिलानी या धर्मगुरूंनी शेतकऱ्यांच्या आणि शाळेने नापास करून घरी पाठवलेल्या मुलांसाठी शाळा चालवली. १९६७ मध्ये तिथल्या आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तकभर पत्र लिहिलं. गरिबाघरच्या मुलांना शाळा कशी गाळत जाते, याचा त्यांनी आकडेवारीसह जाब विचारला. पुस्तक जगभर गाजलं, त्याचा मराठी अनुवादही झाला आहे. त्यांची पद्धत तू नीट समजून घे. प्रत्येकाच्या खिशात छोटी वही असायची. सुचेल तो विचार टिपायचा. मग एकेक विचार स्वतंत्र कागदावर, एकाच बाजूला लिहायचा. सगळे कागद टेबलावर मांडायचे, दोनदा आलेले काढून टाकायचे, जवळचे एकत्र ठेवायचे. मोठे गठ्ठे झाले की ती प्रकरणं, त्यांतले छोटे गठ्ठे म्हणजे परिच्छेद. शेवटी मोठ्याने वाचून फालतू शब्द, अवघड शब्द, एका दमात न वाचता येणारी वाक्यं शोधायची आणि काढायची. जो शब्द कमी करता येईल तो कमी करण्याची जणू स्पर्धाच लागायची.

म्हणून पहिले दोन तास संगणक कक्षात जाऊच नकोस. वर्गातच मुलांना चिठ्ठ्या दे. विषय त्यांच्या पायाखालचा घे. तुझी शाळा वाईत आहे. कृष्णेचे घाट रोजच्या वाटेवर आहेत. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, गणपती आळी, असा एकेक घाट एकेका गटाला दे. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट: पाहिलेली, ऐकलेली किंवा विचारून आणलेली. चिठ्ठ्या बाकावर पसरून त्यांचे गठ्ठे करायला लाव. वेगवेगळ्या हातांचं लेखन एकत्र कसं बसतं, हे हातांना कळलं की मग पडद्यापुढे बसव. ज्या मुलाने चिठ्ठ्या सरकवून पाहिल्या आहेत, त्याला डॉकमध्ये परिच्छेद वर-खाली कसा न्यायचा हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पडद्यावरच्या पहिल्या तासाला चाळीस मुलांना एकच कोरं पान देऊ नकोस. एका डॉकवर एका वेळी शंभर जणांना लिहिता येतं हे खरं, पण वर्गाला त्याचा उपयोग नाही. लॉगिन न करता नुसत्या लिंकने मुलं आत आली तर नावाच्या जागी कुठल्यातरी प्राण्याचं नाव दिसतं. कोणी काय लिहिलं आणि कोणी कोणाचं पुसलं ते कळत नाही. शाळेने दिलेल्या खात्यातूनच प्रत्येकाला आत येऊ दे. चौघांचा गट कर, प्रत्येक गटाला वेगळा डॉक दे. त्यात आधीच चार रकान्यांचा तक्ता आखून ठेव आणि रकान्यावर मुलाचं नाव लिही. पहिल्या तासाला नियम एकच: आपल्या रकान्यात लिहायचं, दुसऱ्याचं वाचायचं. शेजारच्या रकान्यात अक्षरं उमटताना पाहणं हाच मुलांसाठी मोठा धडा असतो. ज्याला हुशार समजलं जातं तोही अडतो, मागे येतो, शब्द बदलतो, हे बाकीच्यांना त्या दिवशी प्रथम दिसतं.

गटात काम वाटून दिलं नाही तर एक जण लिहितो आणि तिघे पाहतात. यात मुलांच्या आळसाचा भाग थोडा आहे. एकत्र काम करताना माणसाचं असंच होतं. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचं बळ मोजलं. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले: दोर ओढणारे वाढले की एकूण बळ वाढतं, पण दरडोई बळ घटत जातं. यावर वर्गात लागू पडणारा उपाय एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात वापरला. गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना तेव्हा नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि तणाव होता. त्याने धड्याचे तुकडे केले, गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. स्वतःचा तुकडा नीट शिकून इतरांना सांगितल्याशिवाय गटाचा धडा पूर्ण होत नसे. त्यामुळे ज्याच्याकडे एरवी कोणी पाहत नव्हतं, त्याचं ऐकणं सगळ्यांना भाग पडलं.

तुझ्या घाटांच्या कामात हेच कर. एकाकडे घाटाचं बांधकाम आणि मंदिरं, दुसऱ्याकडे कृष्णाबाईचा उत्सव, तिसऱ्याकडे नदीच्या पाण्याची आजची स्थिती, चौथ्याकडे आळीतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी. सगळ्या गटांतले ‘उत्सव’वाले आधी एकत्र बसतील, माहिती पडताळतील, मग आपापल्या गटात परततील. बोलण्यात मागे राहणाऱ्या मुलाला आठवणींचं काम दे. आजीकडून आणलेली गोष्ट त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाकडे नसते, आणि गटाला ती हवीच असते.

आता या साधनाची मर्यादा सांगते, कारण तुझं खरं काम तिथे सुरू होतं. दोघांनी एकाच ओळीत एकाच क्षणी लिहिलं तरी डॉक बिघडत नाही. याची युक्ती क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्स या संशोधकांनी १९८९ मध्ये मांडली. प्रत्येक बदल ‘अमुक जागी अमुक अक्षर घाल’ अशा सूचनेच्या रूपात पाठवला जातो. एकाने ओळीच्या आरंभी शब्द घातला की दुसऱ्याने शेवटी घातलेल्या अक्षराची जागा तेवढी पुढे सरकते. ते सरकणं हिशेबात धरून दोन्ही बदल सगळ्या पडद्यांवर सारखेच उमटतात. आठवी-नववीच्या मुलांना हे फळ्यावर आकृती काढून नक्की समजावून सांग, त्यांना आवडेल. पण यंत्र मिटवतं ती अक्षरांची टक्कर. एकाने ‘नदी स्वच्छ आहे’ लिहिलं आणि दुसऱ्याने चार ओळींखाली ‘पाण्याला वास येतो’ लिहिलं, तर यंत्राला त्यात काही वावगं दिसत नाही. दोघांना समोरासमोर बसवून ‘कधी पाहिलंत? कुठे पाहिलंत? कोणत्या महिन्यात?’ असं तूच विचारायला हवं. म्हणून तासातली शेवटची दहा-पंधरा मिनिटं पडदे बंद ठेवून बोलण्यासाठी राखून ठेव.

दुसऱ्याच्या लेखनाला हात कसा लावायचा, हे यातलं सगळ्यात नाजूक शिक्षण आहे. डॉकमध्ये थेट बदल करण्याऐवजी बदल सुचवण्याची सोय असते. ती ‘सजेस्टिंग’ची पद्धत मुलांना जुलैतच शिकव. सुचवलेला शब्द वेगळ्या रंगात दिसतो, मूळ शब्द तिथेच राहतो, आणि स्वीकारायचं की नाकारायचं हे ज्याचं लेखन त्याने ठरवायचं. वर्गाचा नियम असा ठेव: मित्राच्या रकान्यात फक्त सुचवायचं, आणि नाकारताना कारण सांगायचं. ‘मला हेच म्हणायचं आहे, कारण…’ असं चौदा वर्षांच्या मुलीने शांतपणे लिहिणं, याला मी भाषाशिक्षणातली मोठी मजल मानते.

कमेंट लिहायलाही शिकवावं लागतं. मोकळं सोडलं तर मुलं ‘छान’, ‘मस्त’ लिहितात, नाहीतर शुद्धलेखनाच्या चुका मोजत बसतात. तीन वाक्यांची सुरुवात फळ्यावर लिहून दे: ‘मला हे डोळ्यांपुढे दिसलं, कारण…’, ‘मला इथे प्रश्न पडला की…’, ‘इथे आणखी सांगशील का…’ पहिल्या वाचनात शुद्धलेखनावर बोलायचं नाही, हे बजावून सांग. आशय उभा राहण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ काढत बसलं की मुलाचा हात आखडतो. शुद्धलेखनाची फेरी शेवटी घे आणि ती कसून घे. तुझ्या स्वतःच्या कमेंटही थोड्याच असू देत. एका मुलाला एका वेळी एकच गोष्ट सुधारायला सांगितली तर तो ती सुधारतो.

आता व्हर्जन हिस्ट्री. कोणी, कधी, काय लिहिलं आणि काय पुसलं याची सगळी नोंद तिथे राहते. प्रत्येकाचे बदल वेगळ्या रंगात दिसतात आणि जुनी अवस्था परतही आणता येते. ही नोंद ठेवली जाते हे मुलांना पहिल्याच दिवशी उघडपणे सांग. चोरून पाहिलं असं त्यांना वाटता कामा नये. मग तिचा उपयोग शिकवण्यासाठी कर. पहिल्या मसुद्याला ‘पहिला खर्डा’ असं नाव देऊन ठेव. महिन्याभराने तो आणि आत्ताचा, दोन्ही मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी दाखव आणि लिहिणाऱ्याच्या तोंडून बदलांची कारणं वर्गाला ऐकव. आपण सुधारलो हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं, हे कुठल्याही शेऱ्यापेक्षा जास्त बळ देतं.

एखादा मोठा परिच्छेद एका झटक्यात येऊन पडलेला त्या नोंदीत दिसेल. घाईने आरोप करू नकोस. कदाचित मुलीने घरी वहीत लिहून आणून दुसऱ्याकडून टाइप करून घेतलं असेल. कदाचित तो मजकूर एआयने लिहून दिला असेल. आता ती सोय मुलांच्या बोटांपाशी आली आहे. दोन्ही वेळा तोच मार्ग धर: मुलाला जवळ बसवून ‘हे वाक्य मला समजावून सांग, हे तुला कुठे कळलं?’ असं मायेने विचार. ज्याने लिहिलं आहे तो खुलून बोलतो. ज्याने लिहिलेलं नाही त्याला त्याच तासाला स्वतःचं एक वाक्य लिहायला बसव. मुलाला पकडण्यापेक्षा ते एक वाक्य मिळवणं महत्त्वाचं.

देवनागरी टाइप करण्याची अडचण येईल, तिची तयारी आधी कर. सगळं लेखन युनिकोडमध्येच झालं पाहिजे. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर डॉकमध्ये चिकटवला की नुसती चिन्हं दिसतात. घाटाच्या ‘पायऱ्या’ लिहिताना ‘ऱ्या’ कसा उमटवायचा, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ कुठे सापडतात, हे एका तक्त्यावर लिहून कक्षात लाव. गूगलच्या बोलून टाइप करण्याच्या सोयीत २०१७ पासून मराठीही आहे. आजीची आठवण मुलाने आजीच्याच शब्दांत बोलून उतरवावी. मग त्या सलग मजकुरात पूर्णविराम कुठे, स्वल्पविराम कुठे, बोलीतला कोणता शब्द तसाच ठेवायचा, हे गटाने ठरवावं. वाक्यरचना शिकवायला यासारखा तास नाही. बोलीतले शब्द ‘अशुद्ध’ म्हणून काढायला लावू नकोस. अवतरणचिन्हात ठेवून त्यांचा मान राखता येतो.

साधनं सगळ्यांना सारखी नसतात, याचा विचार प्रत्येक आखणीत असू दे. कुणाच्या घरी एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर दिवसभर बाहेर असतो. कित्येक घरांत भावाला फोन मिळतो, बहिणीला मिळत नाही. म्हणून डॉकवरचं काम शाळेच्या वेळेतच पूर्ण होईल इतकंच दे. घरी फक्त वाचायचं, विचारायचं, टिपायचं काम असू दे. नेट गेलं तर ऑफलाइन लिहिण्याची सोय असते, पण ती आधी चालू करून ठेवावी लागते. संगणक शिक्षकांकडून सगळ्या यंत्रांवर करून घे. इथरपॅड हे मुक्त सॉफ्टवेअर शाळेतल्याच एका संगणकावर बसवलं तर बाहेरच्या नेटशिवाय कक्षातली यंत्रं जोडून एकत्र लिहिता येतं, हेही त्यांच्या कानावर घाल. दहावीचा पेपर अजून हातानेच लिहायचा असतो, हे विसरू नकोस. बातमीलेखन, पत्रलेखन डॉकवर घडवलं, तरी शेवटचा खर्डा मुलांनी वहीत, वेळ लावून, स्वतःच्या अक्षरात उतरवलाच पाहिजे.

मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड नको. लिंक असलेल्या कोणालाही उघडता येईल अशी परवानगी मुलांच्या डॉकला कधीच देऊ नकोस. ज्यांची खाती आहेत त्यांनाच प्रवेश. पूर्ण पत्ता, फोन नंबर, फोटो डॉकमध्ये येता कामा नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. पालकसभेत हे साध्या मराठीत समजावून सांग आणि मुख्याध्यापकांमार्फत संमतीपत्रं घे. वर्ष संपताना प्रत्येक मुलाला त्याच्या लेखनाची प्रत काढून दे. लेखन त्याचं आहे, ते त्याच्याजवळ राहिलं पाहिजे.

गुण देताना दोन भाग कर. एक भाग गटाच्या पूर्ण लेखनाला, दुसरा प्रत्येकाच्या स्वतःच्या वाटचालीला. दुसऱ्या भागात पहिल्या खर्ड्यापासून काय बदललं, मित्राला कोणती उपयोगी सूचना दिली, कोणती विचारपूर्वक नाकारली, हे बघ. नुसते शब्द मोजू नकोस. एक नेमकी सूचना करणाऱ्या मुलाने पानभर लिहिणाऱ्याइतकंच दिलेलं असू शकतं.

तुझ्या गावाकडे या कामाचा केवढा मोठा वारसा आहे, तेही मुलांना दाखव. मराठी विश्वकोश वाईतच उभा राहिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली अनेक अभ्यासकांनी नोंदी लिहिल्या, संपादकांनी त्या तपासल्या, आणि १९७६ मध्ये पहिला खंड आला. नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. मुलांना विश्वकोशाच्या कार्यालयात ने, खंड हाताळू दे, नोंदीखालची नावं वाचू दे. मग वर्गात येऊन मराठी विकिपीडियावरचा वाईचा लेख उघड. त्याचा ‘इतिहास’ आणि ‘चर्चा’ ही पानं दाखव. कोणी काय बदललं, कशावरून मतभेद झाले, तिथे सगळं उघड असतं. तिथे पुरावा लागतो. आजीची आठवण तिथे चालणार नाही, प्रसिद्ध झालेला विश्वासार्ह संदर्भ हवा. आठवण कुठे शोभते आणि पुरावा कुठे लागतो, हे कळणं हा लेखनशिक्षणाचाच भाग आहे. घाटांचं लेखन चांगलं झालं तर त्याची पुस्तिका करून शाळेच्या ग्रंथालयात ठेव आणि ज्या आजी-आजोबांनी आठवणी दिल्या त्यांना एकेक प्रत द्यायला मुलांनाच पाठव. खरा वाचक आहे हे माहीत असलं की मूल स्वतःहून शब्द तपासतं.

एवढं सगळं एकदम करू नकोस. जूनमध्ये चिठ्ठ्यांचे तास आणि रकान्यांचा एक डॉक, इतकंच. जुलैत सुचवणं आणि कमेंट. पहिल्या घटक चाचणीनंतर दोन खर्डे शेजारी ठेवून पाहणं. दिवाळीच्या सुट्टीत मुलं घाटांवर फिरून माणसांशी बोलतील, आणि दुसऱ्या सत्रात पुस्तिका. प्रत्येक टप्प्यावर मागच्या बाकावरचं मूल लिहितं आहे ना, एवढं पाहत जा. ते लिहू लागलं तर तुझी पद्धत बरोबर चालली आहे असं समज. ते नुसतं पाहत बसलं असेल तर थांब, गट लहान कर, त्याच्या वाट्याला त्याचा तुकडा दे आणि मग पुढे जा.

पुस्तिका छापून झाली की एक प्रत मला पाठव. मुलांची नावं त्यांच्या त्यांच्या भागाखाली छाप. प्रकृतीला जप, ताईला माझा नमस्कार सांग.

तुझी,
मावशी